निवृत्तीचं साल कोणतं धरायचं : ५८, ६०, की हातपाय चालतील तोवर?

साचेवाला_येळ्ळूर

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या, खरं अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सगळंच लिहितो.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर आहे. २००९ साली हेल्पर म्हणून लागलो, तिथंच आहे. कागदावरचा जन्म जून १९८४, म्हणजे यंदाच्या मिरगाच्या तोंडाला ४२ पुरी. घरात आई, मंडळी म्हणजे बायको, मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. येळ्ळूरला वीस गुंठे आहेत, घरापुरतं भात होतं. बेसिक पगार २२,०००. ईपीएफच्या (पगारातून कापला जाणारा पीएफ) पासबुकात ९ लाख ४० हजार दिसतात. महिन्याला ४,००० बाजूला काढायचे असं आम्ही दोघांनी ठरवलंय, कारण ईपीएफशिवाय म्हातारपणासाठी काहीच नाही.

दिवाळीला अमेरिकेतला मेहुणा आला होता. त्यानं मोबाईलवर त्याच्या रिटायरमेंटचं खातं दाखवलं. एकच फंड, आणि फंडाच्या नावातच २०५०. म्हणाला, "दाजी, मी काही करत नाही. नोकरी कधी सोडणार ते साल सांगितलं, पुढचं तो फंडच बघतो. आत्ता शेअर जास्त, साल जवळ येईल तसे तोच कमी करत जातो."

मला हे फार पटलं. आमच्या कामात ओतलेला माल साच्यात हळूहळू निवू द्यावा लागतो. ऑर्डर घाईची आहे म्हणून लाल असतानाच वाळूतून काढला, तर बाहेरून चांगला दिसतो आणि मशीनवर चढवला की चीर सापडते. पैशालाही असं हळूहळू निववणारं कोणीतरी पाहिजे, कारण ते मला जमणार नाही. पाळीत बारा-बारा तास गेल्यावर शेअर बाजार कोण बघणार?

म्हणून बँकेत गेलो. टेबलावरच्या माणसाला सांगितलं, साल घातलेला रिटायरमेंटचा फंड पाहिजे. त्यानं नावात २०३३ असलेला एक फंड दाखवला, "हाच तो" म्हणाला. एक लाखाची एफडी मोडून त्यात घातली. नंतर गल्लीतल्या एका मुलानं कागद वाचून सांगितलं, काका हा रिटायरमेंटचा नव्हेच, आणि २०३३ ला तुम्ही जेमतेम ४९ चे असणार. तेव्हापासून झोप नाही. ते एक लाख साठवायला आम्हाला चार वर्षं लागली होती.

माझे प्रश्न असे. तो २०३३ वाला आहे तरी काय, आणि काढून घ्यावा का? मेहुण्यासारखा फंड आपल्याकडे मिळतो का? आणि मिळत असेल तर साल कुठलं सांगायचं? कंपनीच्या कागदाप्रमाणे ५८, म्हणजे २०४२. लोक ६० धरतात, म्हणजे २०४४. खरं आमच्यात एक जुने मोल्डर आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. चोपन्नाव्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. लाडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, दोघांनी धरून ओतताना एकाचा हात हलला तर काय होतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळतं. धातूच्या रंगावरून गरम किती ते ओळखणारा माणूस, आता स्टोअरमध्ये बोल्ट मोजून देतोय, पगारही कमी झाला. ते बघितल्यापासून मला वाटतं माझं खरं साल २०३९ असेल. मग फंडाला काय सांगू?


कॅम्पातला_वाचक

आधी २०३३ चं बोलतो, म्हणजे तुम्हाला झोप लागेल.

तुमचे पैसे बुडालेले नाहीत. तो टार्गेट मॅच्युरिटी फंड आहे. त्यात शेअर नसतात. सरकारी किंवा सरकारी कंपन्यांचे रोखे घेऊन ठेवलेले असतात, आणि ते साधारण त्या सालात मुदत संपणारे असतात. २०३३ ला रोख्यांचे पैसे आले की तुम्हाला परत. मधल्या काळात व्याजदर वरखाली झाले की किंमत हलते, त्यामुळे मोबाईलवर कधी कमी दिसेल, पण शेवटपर्यंत थांबणाऱ्याला त्याचा त्रास कमी. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर, तेवढं लक्षात ठेवा.

दोन्हींच्या नावात साल असतं म्हणून गोंधळ होतो. मेहुण्याच्या फंडातलं साल म्हणजे माणूस कधी थांबणार. ह्यातलं साल म्हणजे रोखे कधी फिटणार. तुमच्या वयाशी त्याचा काही संबंध नाही, आणि टेबलावरच्या माणसानं तेवढं तरी सांगायला हवं होतं.

आता एक बघा. मुलगी पाचवीत म्हणता. २०३३ ला ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला असेल. इंजिनिअरिंग म्हणा, नर्सिंग म्हणा, फी भरायची वेळ नेमकी तेव्हाच. मी तुमच्या जागी असतो तर तो एक लाख तिथंच ठेवला असता आणि वहीत त्याच्यापुढं मुलीचं नाव लिहिलं असतं.


साचेवाला_येळ्ळूर

दादा, लई उपकार. हे मला सुचलंच नव्हतं. मंडळीला वाचून दाखवलं, तिचा जीव भांड्यात पडला.


टिळकवाडी_ते_टेक्सास

मी बेळगावच्या आरपीडी कॉलेजचा विद्यार्थी, २००७ पासून इकडे अमेरिकेत आहे. तुमच्या मेहुण्याकडे जे आहे तेच माझ्याकडेही आहे, म्हणून त्यातलं आतलं सांगतो.

इकडे नोकरीबरोबर फोर-ओ-वन-के नावाचं खातं मिळतं. त्यात आपण काही निवडलं नाही तर बहुतेक कंपन्या पैसे आपोआप अशा सालाच्या फंडात घालतात. २००६ च्या पेन्शन कायद्यानंतर हे फार पसरलं. फंड पाच-पाच वर्षांच्या टप्प्यानं असतात : २०३५, २०४०, २०४५ असे. जन्मसालात निवृत्तीचं वय मिळवायचं आणि जवळचा टप्पा घ्यायचा, एवढाच हिशेब.

माझा जन्म १९८०. कंपनीनं ६५ धरून मला न विचारता २०४५ मध्ये टाकलं होतं. दहा वर्षं मी बघितलंही नाही. मग वडील आजारी पडले, मी दोन महिने टिळकवाडीत घरी राहिलो, आणि बायकोचं-माझं ठरलं की साठीला परत यायचं. त्याच आठवड्यात फंड बदलून २०४० केला. इकडची पूर्ण सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, माझ्या जन्मसालाला ६७ व्या वर्षी, म्हणजे २०४७ ला. पण माझा पगार २०४० ला थांबणार, आणि महिन्याचं सामान ह्या पैशातून आणायला त्याच वर्षी सुरुवात होणार. कुठल्या फॉर्मवर काय वय छापलंय ते बाजूला ठेवून मी ते साल धरलं.

दुसरी गोष्ट मेहुण्याला आवर्जून सांगा. साल तेच असलं तरी दोन कंपन्यांच्या फंडांत आतला माल एक नसतो. काहींचा उतार, म्हणजे शेअर कमी करत जाणं, त्या सालापाशी थांबतो, काहींचा पुढेही चालू राहतो. व्हॅनगार्ड नावाच्या कंपनीच्या फंडात निवृत्तीच्या सालीही साधारण निम्मे शेअर असतात आणि त्यानंतर सातेक वर्षांत ते ३० टक्क्यांच्या आसपास येतात. २००८ ची पडझड झाली तेव्हा २०१० नाव असलेले फंड, म्हणजे दोन वर्षांत घरी बसणाऱ्यांचे फंड, सरासरी जवळजवळ २५ टक्के पडले. काही फारच थोडे पडले, काही ४० च्या पुढे गेले. नाव सगळ्यांचं २०१०. तेव्हा मी नवीन होतो, माझ्या खात्यात काही नव्हतंच. पण शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ गृहस्थ होते, त्यांनी निवृत्ती पुढे ढकलली. सकाळी येऊन ते संगणक सुरू करायचे आणि खात्याचा आकडा बघून स्क्रीन बंद करायचे, रोज. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून साल निवडून झालं की एकच प्रश्न विचारायचा : त्या साली ह्यात शेअर किती टक्के असतील?


शहापूरची_हिशेबनीस

दादा, मी शहापूरला राहते, उद्यमबाग आणि मच्छेतल्या पाच-सहा लहान युनिटांचे पगार आणि पीएफचे हिशेब करते. तुमच्यासारख्यांच्या पासबुका रोज हातात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेहुण्याच्या फंडाच्या सगळ्यांत जवळचं आपल्याकडे जे बरीच वर्षं चालत आलंय ते म्हणजे एनपीएसमधला, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतला, ऑटो चॉइस. २००४ ला केंद्र सरकारी नोकरांसाठी सुरू झालं, मे २००९ पासून सगळ्यांना उघडं आहे. गंमत अशी की ते तुम्हाला साल विचारतच नाही. जन्मतारीख घेतं, आणि दर वाढदिवसाला शेअर कमी करून रोखे वाढवतं. तुम्ही ५५ ला थांबा नाहीतर ६५ ला, उतार तोच. त्यामुळे "साल कुठलं सांगू" हा तुमचा प्रश्न तिथं "उतार कुठला घेऊ" असा होतो.

उतार मुख्यतः चार, एलसी म्हणजे लाइफ सायकल. एलसी ७५ मध्ये ३५ वर्षांपर्यंत ७५ टक्के शेअर, मग वर्षाला ४ टक्के कमी, ४५ ला ३५, पुढे जरा हळू उतरत ५५ ला १५. एलसी ५० मध्ये ५० पासून वर्षाला २ टक्क्यांनी उतरत ५५ ला १०. एलसी २५ मध्ये २५ पासून ५. तुम्ही ऑटो घेऊन काहीच खूण केली नाही तर एलसी ५० लागतो. आणि २०२४ मध्ये चौथा आला, बॅलन्स्ड लाइफ सायकल : ४५ पर्यंत ५० टक्के, आणि ५५ ला ३५.

आता हे तुमच्या वयावर बसवून बघा. जूनमध्ये ४२ झालात की एलसी ७५ मध्ये शेअर ४७ टक्के. बॅलन्स्डमध्ये ५०. म्हणजे ज्याला आक्रमक म्हणतात त्यात तुमच्या वयाला शेअर कमी, आणि ज्याच्या नावात समतोल आहे त्यात जास्त! पन्नासाव्या वर्षी तर एलसी ७५ मध्ये फक्त २० उरतात आणि बॅलन्स्डमध्ये ४२ च्या वर. माझ्याकडे येणारे निम्मे लोक ७५ हा आकडा बघून घाबरतात आणि २५ वर खूण करून येतात. ७५ हा पस्तिशीच्या आतल्यांचा आकडा आहे, तुमचा नव्हे. आपल्या वयापुढचा आकडा बघायचा.

आणि हा उतार ठरवताना फक्त एनपीएसकडे बघून चालत नाही. तुमच्याकडे ईपीएफ आहे. त्यावर ठरलेलं व्याज येतं, २०२४-२५ ला ८.२५ टक्के दिलं. बाजार पडला तरी तुमच्या पासबुकातला आकडा पडत नाही. म्हणजे तो खिसा आधीच पूर्ण निवालेला आहे, तुमच्याच भाषेत बोलायचं तर. आता मांडू या. तुमच्या बेसिकवर तुमचे १२ टक्के २,६४०. मालकाच्या २,६४० मधले १,२५० पेन्शन योजनेत (ईपीएस) जातात, उरलेले १,३९० ईपीएफला. म्हणजे महिन्याला ४,०३०. दर असाच राहिला आणि पगार एक पैसाही वाढला नाही असं धरलं, तरी पाच वर्षांनी ईपीएफ साडेसोळा-सतरा लाखांवर जातो. तोवर एनपीएसमध्ये तुमचे घातलेले किती? २ लाख ४० हजार. तेव्हा तुम्ही ४७ चे, एलसी ७५ मध्ये शेअर २९ टक्के, म्हणजे सुमारे ७० हजार. एकोणीस लाखांत सत्तर हजार! शंभराला चारसुद्धा नाही. त्यातला निम्मा जरी गेला तरी तुमचं म्हातारपण हलत नाही. उलट इतके कमी शेअर ठेवले तर महागाई तुम्हाला खाईल. आज घर ३०,००० मध्ये चालत असेल तर ६ टक्के महागाईनं २०४२ ला त्याच घराला ७६,००० लागतील.

म्हणून मी तुम्हाला बॅलन्स्ड सांगते. माझं मत आहे, वेगळं कोणी सांगेल. वर्षात चार वेळा बदलता येतं, त्यामुळे एकदा केलेली खूण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

आता तुमच्या मामांचं. ते वाचून मला सगळ्यांत जास्त वाटलं, कारण अशी माणसं मी बघते. हा प्रश्न फंडाच्या सालानं सुटत नाही. एनपीएस ६० साठी बांधलेलं आहे. त्याआधी बाहेर पडायचे नियम वेगळे, कडक आणि बदलणारे, त्यांच्या भरवशावर काही बांधू नका. ६० ला सुटलात की मात्र आता बरं आहे : डिसेंबर २०२५ मध्ये नियम बदलला, सरकारी नोकर नसलेल्यांना ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी घेता येतात, निदान २० टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे ठरावीक पेन्शन, घ्यायची. आधी ६०-४० होतं. ईपीएफ ५५ नंतर नोकरी सोडली की पूर्ण निघतो. ईपीएसचं पेन्शन ५८ ला सुरू, आजच्या १५,००० च्या मर्यादेवर तुमचं साडेसहा-सात हजार बसेल. ते ५० नंतर लवकरही घेता येतं, पण दर वर्षामागं ४ टक्के कायमचे कमी.

तर तुमची तीन सालं तीन खिशांची आहेत. २०३९ ते २०४२ भट्टीपासून लांब, कमी पगारावर काढायची झाली तर ईपीएफला हात लावू नका, तो चालू राहू द्या. तेवढ्या काळाची तूट भरायला बँकेत किंवा पोस्टात वेगळं काहीतरी पाहिजे. ते आज तुमच्याकडे नाही. २०४२ ते २०४४ ही दोन वर्षं पगार थांबलेला आणि एनपीएस बंद कुलपात, ती ईपीएफ आणि ईपीएसवर काढायची. २०४४ ला एनपीएस उघडतं. माझं ऐकाल तर चारातले तीन हजार एनपीएसला आणि एक हजार पोस्टातल्या आरडीला, मामांच्या वयासाठी.


निपाणीचे_गुरुजी

मी कर्नाटक शासनाच्या मराठी शाळेतून निवृत्त झालो. जुन्या पेन्शनचा माणूस असल्यानं फंडातलं मला फारसं समजत नाही, पण सालाबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

माझा आतेभाऊ कागलला शिक्षक. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो, एकाच वर्षी नोकरीला लागलो. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं मी, पलीकडं तो. त्याची निवृत्ती ५८ ला, माझी ६० ला. त्याच्या निरोप समारंभाला मी हार घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गावर हजर झालो. तेव्हा कळलं की निवृत्तीचं वय हे काही शरीरात लिहिलेलं नसतं. नव्या पेन्शनचंही तसंच, महाराष्ट्रात नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना, इकडं एप्रिल २००६ नंतर. मधल्या चार-पाच महिन्यांत लागलेल्यांना आयुष्यभराचा फरक पडला. तेव्हा सीमाभागातल्या पोरांनी पाव्हण्याचं बघून आपलं साल धरू नये. आपल्या नेमणुकीचा कागद काढून वाचावा.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. मी स्वतः पहिलीच्या हजेरीपटावर शेकडो मुलांची नावं घातली. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. "मिरगात झाला", "बेंदराच्या आदल्या दिवशी झाली" एवढंच सांगायचे, आणि आम्ही १ जून लिहायचो. साल तर अंदाजानं. एक वर्ष इकडचं तिकडं सहज व्हायचं. त्या वेळी वाटलं नव्हतं की त्या एका ओळीवर कुणाचा पगार थांबेल आणि कुणाचं पेन्शन सुरू होईल. साचेवाले, तुमचा जन्म "कागदावरचा" असं तुम्ही लिहिलंत ते माझ्या लगेच ध्यानात आलं. शरीराचं वय आणि कागदाचं वय यांत फरक असेल तर तो आत्ताच आईला विचारून घ्या.


साचेवाला_येळ्ळूर

गुरुजी, बरोबर ओळखलात. कागदावर १ जूनच आहे. रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, तू झालास तेव्हा लावणी होऊन भात गुडघ्याला आलं होतं, आणि ते साल पुढचं नव्हे, आधीचं. तुझ्या काकाचं लग्न झालं त्याच वर्षी. म्हणजे मी १९८३ च्या श्रावणातला. फंड मला ४२ चा समजणार आणि मी ४३ कडं आलोय. एक वर्षानं काही बिघडत नाही असं पहिल्यांदा वाटलं, खरं भट्टीसमोर एक वर्ष म्हणजे लई असतं.

काल रविवार होता. मंडळी आणि मी मुलीच्या जुन्या वहीचं मागचं पान घेऊन बसलो. २०३३ पुढं मुलीचं नाव लिहिलं, तो एक लाख तिचा. २०३९ पुढं लिहिलं "भट्टी सोडणे", त्याच्यापुढं आरडी, महिन्याला एक हजार. २०४२ पुढं ईपीएफ आणि पेन्शन. २०४४ पुढं एनपीएस, महिन्याला तीन हजार, बॅलन्स्ड. अक्का, तुमचा शंभराला चारचा हिशेब मी दोनदा करून बघितला. तेवढाच आला. मग मात्र भीती गेली.

टेक्साससाहेब, मेहुण्याला तुमचा प्रश्न पाठवला. त्यानं बघितलं, त्याच्या फंडात निवृत्तीच्या सालीही बरेच शेअर उरणार आहेत. त्याला हे माहीतच नव्हतं. आता तो आणि त्याची बायको परत यायचं साल ठरवालेत.

मामांना पण सोमवारी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, ईपीएफ काढलाय का. त्यांनी स्टोअरमध्ये गेल्यावर पोराच्या रिक्षासाठी बराचसा उचललाय. ५८ ला अजून दोन वर्षं आहेत. त्यांना म्हटलं, पेन्शन लवकर सुरू करू नका, वर्षाला चार टक्के कायमचे जातात. ते म्हणाले, हे मला कोणी सांगितलंच नाही, पुढच्या महिन्यात फॉर्म भरणार होतो. त्यांचा फॉर्म थांबला, इथं विचारल्याचं माझ्यासाठी एवढं पुरे.

अक्का, एकच राहिलं. मंडळी घरी शिवणकाम करते, महिन्याला पाच-सहा हजार मिळतात. तिच्याही नावानं पाचशे-हजारानं एनपीएस उघडावं म्हणतोय. जन्म १९८८ चा. तिलाही बॅलन्स्डच लावू का? तिला विचारलं तू कधी थांबणार, तर म्हणाली डोळ्याला दोरा ओवता येतोय तोवर.


शहापूरची_हिशेबनीस

उघडा, अवश्य उघडा. पण तुमचा उतार तिला तसाच लावू नका. तुम्हाला मी जास्त शेअर सांगितले कारण मागं ईपीएफ उभा आहे. वहिनींच्या मागं काही नाही, हा त्यांचा एकच खिसा. घरचा पैसा एकच असतो म्हणून तुमच्या ईपीएफवर त्यांचा हिशेब बसवता येईल, पण मी तसं करत नाही. बाईचं खातं तिच्या स्वतःच्या पायावर उभं राहावं असं मला वाटतं. तिथं एलसी ५० घ्या. ३८ व्या वर्षी शेअर ४४ टक्के, मग दर वर्षी दोन-दोननं उतरत जातील. पाचशेनंच सुरू करा. शिवणकामात श्रावण ते दिवाळी पैसा असतो आणि नंतर नसतो, त्यामुळे दर महिन्याचा हट्टही नको. वर्षाला निदान १,००० गेले की खातं जिवंत राहतं.

आणि अर्ज भरण्याआधी वहिनींचं आधार, पॅन आणि शाळेचा दाखला एकाशेजारी एक ठेवून जन्मतारीख बघा. माहेरचा दाखला चंदगड तालुक्यातला असेल आणि आधार इकडचं असेल, तर फरक निघतोच. उतार त्या तारखेवर चालतो आणि ६० पण त्याच तारखेवर मोजतात. आधी ती दुरुस्त करून घ्या, मग खातं.